झिरो पाहून घ्या

"झिरो पाहून घ्या," मी म्हणते दिवसातून तीनशे वेळा
मानेवाड्याच्या पंपावर, सकाळच्या पाळीत.
लोक मोबाइल पाहतात.
मी मात्र पाहते.
आकडे शून्यावरून निघाले की
पुढचा हिशेब सरळ, एवढंच मला कळतं.

मेच्या शेवटी एका दुपारी आकडे पुसट झाले.
आधी कडा काळ्या पडल्या,
मग कानात कूलरची घरघर, जिथे कूलर नव्हताच,
मग एका स्कूटीची उघडी टाकी
हळूहळू माझ्या तोंडाजवळ वर येऊ लागली.
नोझल मी सोडलं नाही म्हणतात.
एक थेंब सांडला नाही.
मी सांडले.

"ऊन लागलं मावशीले," रुपेश म्हणाला
आणि खिशातला पांढरा कांदा माझ्या मुठीत कोंबला.

मेडिकलच्या ओपीडीत डॉक्टर धुर्वे,
माझ्या पोरीपेक्षाही लहान,
दंडाला पट्टा आवळून पारा उतरताना ऐकत राहिली.
झोपून: शंभरच्या खाली.
"आता उभ्या राहा." अजून खाली.
"उभं राहिलं की रक्त पायात उतरते मावशी,
डोक्यापर्यंत चढायला त्याले जोर लागते."
मी म्हटलं, बाई, आठ तास उभीच असते मी,
जोर कुठून आणू?

आमच्या घरी बीपी म्हणजे यांचं.
त्याला डबी आहे, वेळ आहे, मशीन आहे,
मशीनला भरतकामाचं झाकण आहे.
यांचं वाढलं की टीव्हीचा आवाज कमी होतो,
पाहुणे दारातूनच परत जातात.
माझं लो.
लो म्हणजे नणंदेच्या भाषेत
"काही नाही वं, लिंबूपाणी पी."
चक्कर आली तर उपास, धाप लागली तर वय,
भांडी घासताना मोरीची भिंत धरली
तर "काहून नाटकं करून राहिली?"

"मीठ किती खाता?"
मी गप्प झाले.
सहा वर्षं झाली, अळणी वरण, अळणी वांगं,
सणाला वडाभात तोही अळणी.
मीठ यांना बंद केलं होतं, मला नाही.
पण एका गंजात दोन चवी कोण शिजवते बाप्पा?

"आणि पाणी?"
दोन गिलास.
"एवढ्या उन्हात?"
मग सांगितलं. जे नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.
पंपावरच्या संडासाला कुलूप आहे.
किल्ली मॅनेजरच्या खणात.
मागायला गेलं की हवा भरणारे चार पोट्टे
कान टवकारतात.
म्हणून तहान दाबायची शिकले,
जशी लहानपणी भूक दाबायची शिकले होते.

डॉक्टरीणबाईचं पेन थांबलं.
मग कागदावर लिहिलं:
पाणी. ताक. मीठ, मी सांगते तेवढंच.
एकदम उठायचं नाही.
आणि खाली, वेगळ्या ओळीत,
*संडासाची किल्ली.*
दोनदा रेघ मारली. शिक्का मारला.

मॅनेजर आधी हसला.
मग शिक्का पाहून हसणं आवरलं.
किल्ली आता ऑइलच्या डब्यांवर, खिळ्याला लटकते,
लाल नाडीत ओवलेली, कुणालाही न विचारता.
रात्रपाळीची सुगंधा म्हणाली,
"तू पडलीस म्हणून आम्ही सुटलो."

आता सकाळी मी हप्त्याहप्त्यानं उठते.
आधी डोळे. मग कूस. मग खाटेच्या काठावर बसून
समोरच्या कॅलेंडरवरची तारीख वाचते.
ती स्थिर झाली की पाय टाकते खाली.

वरण उकळलं की आधी यांचं काढते,
मग उरलेल्यात चिमूट टाकते.
पहिल्या दिवशी त्या चवीनं
माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खारटच.
"थोडं मले दे नं," हे म्हणाले.
"नाही," मी म्हटलं. इतक्या वर्षांत
मी यांना नाही म्हटलेलं हे दुसरं काही तरी असेल.

काल रात्री यांनी झाकण काढलं,
आपला दंड न उघडता माझा हात ओढला,
पट्टा उलटा बांधला, सोडला, पुन्हा बांधला.
चष्मा नाकावर सरकवून बटणावर बोट ठेवलं.
मी सवयीनं बोलून गेले, "झिरो पाहून घ्या."

यांनी पाहिलं.